दुसरबीडचे तिकीट

हिंमतराव वायाळ यांनी १९६१ च्या दिवाळीत आपल्या पत्नीला, कौशल्याबाईंना, माहेरी पाठवताना दारात एक वाक्य उच्चारले. ते मागे घ्यायला त्यांना पाच वर्षे आणि तीन महिने लागले. एवढ्या दोन गोष्टींबद्दल कोणाचे दुमत नाही. मधल्या काळात त्यांना अडवले कोणी, आणि शेवटी ते गेले ते कशामुळे, याबद्दल मात्र चिखलीत एक सांगतात आणि दुसरबीडला दुसरे.

हिंमतराव मूळचे जानेफळचे. अमरावतीला बी. ए. करून ते चिखलीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागले. शाळेच्या १९६० च्या सामूहिक छायाचित्रात ते डावीकडून तिसरे आहेत: बंद गळ्याचा कोट, खांदे किंचित पुढे झुकलेले, नजर कॅमेऱ्याच्या थोडी बाजूला. खेड्यांतून येणाऱ्या मुलांना शहरी उच्चार जमणार नाहीत, पण वाक्प्रचार पाठ असतील तर मॅट्रिकच्या पेपरात ती कोणालाही मागे टाकतील, असे त्यांचे मत होते. म्हणून ते वाक्प्रचार अर्थानुसार गट पाडून लिहून देत. राग, गरिबी, प्रवास, मैत्री, असे गट. त्यांची ही जाड वही शाळेच्या नकाशांच्या कपाटात राहिली आहे.

प्रत्येक गटाला त्यांनी दोन-तीन पाने दिली आहेत. एका गटाला मात्र अकरा पाने आहेत. त्याचे शीर्षक ‘विचार पालटणे व दुसऱ्याचा पालटवणे’. ‘टू हॅव सेकंड थॉट्स’ : घेतलेल्या निर्णयाविषयी मन साशंक होणे. ‘टू ईट वन्स वर्ड्स’ : बोललेले शब्द आपणच गिळणे. ‘टू विन समवन ओव्हर’ : विरोधात असलेल्यास आपलेसे करणे. प्रत्येकापुढे मराठी अर्थ, मग एक उदाहरण. शिक्षकाला एखादा विषय अधिक आवडतो, एवढ्यावरून त्याच्या संसाराविषयी अनुमान काढणे धोक्याचे आहे. मीही ते काढले नसते. परंतु या गटातील उदाहरणांपुढे तारखा आहेत, आणि इतर कोणत्याही गटात त्या नाहीत.

आता ते वाक्य.

कौशल्याबाईंचे माहेर दुसरबीडचे. त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या. १९५७ साली लग्न होऊन चिखलीत आल्यावर नवऱ्याची वर्तमानपत्रे, जुनी पाठ्यपुस्तके, मुलांचे तपासायला आलेले निबंध, जे हाती लागेल ते त्या वाचत. १९६१ च्या श्रावणात त्यांनी सांगितले की सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसायचे आहे. सासूबाईंनी, मंजुळाबाईंनी, सरळ नकार दिला. हिंमतराव तेव्हा होही म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. पुढे शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्याने विचारले, “काय वायाळ मास्तर, तेरा वर्षांच्या पोट्ट्याइच्या रांगेत घरची मंडळी बसवता म्हने? पाटी तुमी घेऊन देता का त्याच आनतात?” सगळे हसले. त्या दिवसापासून हिंमतरावांचे उत्तर ‘नाही’ असे झाले.

दिवाळीला लेकीला न्यायला पंजाबराव, म्हणजे कौशल्याबाईंचे वडील, स्वतः आले, कारण त्यांना मुलगा नव्हता. निघताना, गाठोडे काखेत घेतल्यावर, कौशल्याबाई म्हणाल्या,

“फारम भरायची तारीख डिसेंबरात हाये. मी त्याच्या आंधी येतो परत.”

हिंमतराव म्हणाले, “मी मूळ धाडल्याशिवाय इकडे यायचं नाही.”

पंजाबरावांचा एक पाय जोड्यात होता. “बरं, जावईबापू,” म्हणून त्यांनी दुसराही जोडा चढवला आणि ते लेकीला घेऊन निघाले.

माहेरी गेलेल्या सुनेला आणायला सासरहून जो माणूस जातो, त्याला मूळ म्हणतात. बहुधा दीर जातो, नाहीतर चुलत घराण्यातला कोणी. नवऱ्याने स्वतः जाणे कमीपणाचे समजत. सणावाराच्या निमंत्रणाशिवाय जावई सासऱ्याच्या दारात उभा राहिला की गाव विचारते, याच्या घरची चूल बंद पडली काय? उलट, सासरचे मूळ आल्याशिवाय बापाने लेकीला नेऊन सोडणे हेही तितकेच कमीपणाचे. दोन्ही घरे आपापल्या जागी बरोबर असतात, आणि म्हणूनच दोन्ही घरे हलत नाहीत.

हिंमतरावांना भाऊ नव्हता. जानेफळच्या चुलतभावाला पाठवता आले असते. मंजुळाबाईंनी ते होऊ दिले नाही. “त्याहीले गरज असंन त आनून घालतीन,” असे त्या शेजारी सांगत. हे पंजाबरावांच्या कानावर गेले तेव्हा ते म्हणाले, “लेक म्हंजे काय शेंगाचा वानवळा हाये, घरपोच नेऊन द्यायले?” हे उत्तर चिखलीला पोचायला एक बाजार पुरला. डिसेंबर गेला. होळी गेली. पुढची दिवाळीही आली आणि गेली.

चिखलीत आजही सांगतात, मास्तर बिचारा चांगला, म्हातारीने संसार मोडला. वहीतल्या तारखा आणि कडूबांची साक्ष एकत्र ठेवली की हे मत टिकत नाही.

कडूबा राज्य परिवहनच्या गाडीवर कंडक्टर होते. चिखलीहून देऊळगावराजा, सिंदखेडराजा करत दुसरबीडवरून पुढे जाणारी सकाळची गाडी त्यांच्याकडे होती. वय झाले असले तरी त्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे. मात्र त्यांना गोष्ट रंगवून सांगायला आवडते, त्यामुळे जे दुसरीकडून पडताळता आले तेवढेच येथे घेतले आहे.

१९६४ च्या उन्हाळ्यात, ते सांगतात, मंजुळाबाई मुलाला घेऊन स्वतः स्टँडवर आल्या. त्यांनी त्याला खिडकीजवळ बसवले, पिशवीत भाकरी आणि ठेचा दिला आणि कडूबांना सांगितले, “याले दुसरबीडले उतरव, बा. सुनेले आनाले चालला.” मग खिडकीशी येऊन मुलाला म्हणाल्या, “मी नाई म्हनलं होतं ते मीच मोडतो. लोक काय म्हनतीन ते मले म्हनतीन. तू फकस्त जाय.”

म्हणजे म्हातारीचे मन तीन वर्षांनी का होईना, पालटले होते. तेही कोणी न पालटवता. हिंमतराव मात्र सिंदखेडराजाला उतरले.

“मास्तर, दुसरबीड अजून फुडं हाये,” कडूबा म्हणाले.

“माहीत आहे मला.”

“तिकीट तिथलं हाये तुमचं.”

“असू द्या.”

त्यांनी स्टँडवरच्या हॉटेलात चहा घेतला आणि परतीच्या गाडीने ते चिखलीला आले. घरी त्यांनी सांगितले की पंजाबराव गावाला गेले होते. मंजुळाबाईंनी भाकरीची पिशवी उघडून पाहिली. भाकरी तशीच होती.

शाळेच्या हजेरीपटात त्यानंतरच्या अडीच वर्षांत हिंमतरावांच्या नावापुढे सहा किरकोळ रजा आहेत. कारण प्रत्येक वेळी एकच: घरगुती काम. कडूबा म्हणतात की या सहाही दिवशी मास्तर त्यांच्या गाडीत होते, प्रत्येक वेळी तिकीट दुसरबीडचे होते, आणि प्रत्येक वेळी ते सिंदखेडराजाला उतरले. सहा हा आकडा कडूबांनी मला आधी सांगितला आणि हजेरीपट मी नंतर पाहिला, म्हणून तो मी विश्वासार्ह मानतो. वहीत या काळातले एक उदाहरण आहे. वाक्प्रचार ‘टू थिंक बेटर ऑफ इट’, अर्थ ‘पुन्हा विचार करून बेत सोडणे’, आणि वाक्य: एक माणूस गाडीत बसला, परंतु विचार बदलून वाटेत उतरला. वर्गातल्या पोरांना कुणकुण लागलेली होती. त्यांच्यातला एक जण मागच्या बाकावरून म्हणाला म्हणे, “सर, तो मानूस गाडीत बसलाच काऊन मंग?” सरांनी खडू खाली ठेवला, त्याच्याकडे पाहिले आणि पुढचा वाक्प्रचार सांगितला.

त्यांना अडवत काय होते?

दुसरबीडला जनकाबाई राहतात. माहेरी असताना कौशल्याबाईंनी गावात जी बालवाडी काढली, तिच्यात त्या मदतनीस होत्या. घरोघर जाऊन लेकरे गोळा करायची आणि परत पोचवायची हे त्यांचे काम. जातीचा विचार न करता गावातल्या दोन वस्त्यांमधली लेकरे पहिल्यांदा एका सतरंजीवर बसली ती त्या बालवाडीत, असे त्या आवर्जून सांगतात. बौद्ध वस्तीतल्या जनकाबाई आणि पाटलांच्या आळीतल्या कौशल्याबाई यांची मैत्री तिथलीच.

त्यांच्या सांगण्यानुसार कौशल्याबाईंनी माहेरूनच परीक्षेचा अर्ज भरला. १९६३ साली त्या सातवी पास झाल्या आणि त्यांनी चिखलीला एक कार्ड टाकले. कार्डावर एकच ओळ होती: परीक्षा पास झाले, मूळ धाडावे. ते कार्ड मला सापडलेले नाही आणि हिंमतरावांचे उत्तरही कधी आले नाही, तेव्हा कार्ड पोचलेच नसावे असे मी प्रथम धरले होते. ते चुकीचे होते. वहीत जुलै १९६३ च्या तारखेने एक नोंद आहे. वाक्प्रचार ‘आय स्टँड करेक्टेड’, अर्थ ‘माझी चूक मला मान्य आहे’, आणि उदाहरण: ती परीक्षेस बसली व उत्तीर्ण झाली, चूक माझी होती.

कार्ड पोचले होते. चूक त्यांना कळली होती, आणि त्यांनी ती वर्गातल्या सगळ्या मुलांना फळ्यावरून उतरवून घ्यायला लावली होती. सिंदखेडराजाच्या पुढे तीच गोष्ट पंजाबरावांच्या ओसरीवर, पंजाबरावांच्या भाषेत, ज्या बाईला हसे होईल म्हणून अडवले तिच्या तोंडावर सांगावी लागली असती. लोकांचे हसणे टाळण्यासाठी त्यांनी ते वाक्य उच्चारले होते. ते मागे घेताना त्याच हसण्यातून जावे लागणार होते. माझ्या मते अडथळा एवढाच होता. तो म्हातारीचा नव्हता.

मधल्या वर्षांत ते घरात कसे राहिले याबद्दल फार थोडे कळते. कौशल्याबाईंचे हिरवे लुगडे दांडीवर होते. मंजुळाबाई ते दर महिन्याला धूत आणि परत तिथेच टाकत. ‘ते काऊन धुता, नेसनारं कोनी नाई,’ असे शेजारणीने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “धूळ बसते म्हनून.” हिंमतरावांसाठी दुसरी मुलगी पाहावी असे दोन वेळा घाटले. दोन्ही वेळा ते जेवणावरून उठून गेले.

१९६७ च्या फेब्रुवारीत, आठव्या खेपेला, ते पुन्हा गाडीत बसले. सिंदखेडराजा आले. ते उठले. तेव्हा कडूबा दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले,

“मास्तर, एक सांगू का? राग नोका मानू. बाई रोज ही गाडी यायच्या टायमाले शाळेच्या दारात उभ्या असतात. रोज. गाडी जाईलोक आत जात नाईत.”

हिंमतरावांनी विचारले, “रोज?”

“पाऊस असो, ऊन असो. मी डोयानं पाह्यतो ना.”

ते बसले. दुसरबीडला उतरणारे ते एकटेच होते.

बालवाडी रस्त्याला लागून होती. पुढचा प्रसंग जनकाबाईंच्या डोळ्यांदेखत घडला; हिंमतरावांनी किंवा कौशल्याबाईंनी तो कुठे लिहून ठेवलेला नाही. कौशल्याबाई खरोखरच दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात एका मुलीची वेणी होती आणि दातांत रिबिन. त्यांनी पाहिले, रिबिन बांधून पुरी केली, मुलीला जनकाबाईंच्या हवाली केले आणि पदर नीट केला.

“बरी आहेस?” हिंमतराव म्हणाले.

“हाव. तुमी वाळले.”

“तू रोज वाट पाहतेस असं कळलं.”

“कोन सांगतलं?”

“कंडक्टरनं. रोज गाडीच्या वेळी दारात उभी असतेस म्हणे.”

“अवो, ती लेकरं सोडायची येळ हाये,” कौशल्याबाई म्हणाल्या. “गाडी रस्त्यावरून जाते. एखादं लेकरू धावून खाली गेलं त?”

जनकाबाई सांगतात की मास्तरांचा चेहरा असा उतरला की त्यांना वाटले, आता हा माणूस वळून परतीच्या गाडीची वाट धरतो. कंडक्टरने पाहिले ते खरे होते. त्याचा लावलेला अर्थ तेवढा चुकीचा होता. कौशल्याबाई वाट पाहत नव्हत्या काय, असे मी विचारले. जनकाबाई जरा रागावल्याच. “पाहे ना. काऊन नाई पाहीन? पन तिथं उभी राहून नाई पाहे.”

हिंमतराव वळले नाहीत. त्यांनी खाली पाहत इंग्रजीत काहीतरी म्हटले. जनकाबाईंना त्यातले काही समजले नाही. कौशल्याबाई म्हणाल्या,

“मराठीत सांगा. मी सातवीच पास हाये.”

मग ते म्हणाले, “चुकलं माझं.” थोडे थांबून म्हणाले, “मूळ धाडायला कोणी नव्हतं. मीच आलो.”

लेकरे अजून पुरती पांगली नव्हती. त्यांतल्या एकाने मोठ्याने विचारले, “बाई, हा कोनाचा बाप हाये?” कौशल्याबाई इतक्या हसल्या की त्यांना दाराची चौकट धरावी लागली, आणि मग, जनकाबाई म्हणतात, त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळेना.

घरी पंजाबराव ओसरीवर होते. “या जावईबापू,” ते म्हणाले. “वाट चुकले का?” पण हे बोलतानाच त्यांनी लेकीचे सामान बांधायला सांगितले. सासरचे माणूस न्यायला आले की लेकीला थांबवून घेणे हा पाहुण्याचा अपमान. त्यांच्या बाजूने आता एक क्षणही उशीर होऊन चालणार नव्हता. पुरणाची डाळ शिजत घातली. पेटी ओसरीवर आली.

जेवणे झाल्यावर कौशल्याबाईंनी पेटी उचलून परत आत नेली.

“मी येत नाई,” त्या म्हणाल्या.

पंजाबराव उठून उभे राहिले. “येत नाई म्हंजे? मानूस दारात आला. आता काय राह्यलं?”

“बाबा, ते चांगलं झालं का ते आले. मले त्याचाच घोर होता. पन या लेकरायले कोन पाहीन? ही बालवाडी मी लावली. दोन वस्त्यांतले मायबाप माह्या भरवशावर लेकरं धाडतात. मी गेली का त्या सतरंजीवर उद्या अर्धीच लेकरं बसतीन, अन कोनती अर्धी ते तुमाले माईत हाये.”

“लोक काय म्हनतीन?” पंजाबराव म्हणाले. “बोलावलं नाई तवा पाच वर्सं बसली, अन बोलावलं त जात नाई!”

त्या नवऱ्याकडे वळल्या. “तुमाले यावंसं वाटलं त येत जा. शनवारी तुमची शाळा अर्धी असते. ताट मांडून ठेवतो.”

पाहुण्याला हे सासऱ्याच्या देखत ऐकावे लागले. पंजाबराव मान खाली घालून बसले होते. त्या दिवशी लाज जावयाची कमी आणि त्यांची जास्त होती. हिंमतरावांनी विचारले, “शनिवारी दुपारची गाडी किती वाजता पोचते इथं?”

चारच्या गाडीने ते एकटे परतले. मंजुळाबाईंनी त्यांना एकटे पाहिले. हिंमतराव म्हणाले, “या वेळी खरंच गेलो होतो, आई.” त्यांनी सारे सांगितले. मंजुळाबाईंनी दांडीवरचे हिरवे लुगडे काढले, घडी केली आणि म्हणाल्या, “शनवारी जाशीन तवा हे घेऊन जाय. तिथं नेसंन.”

ते शनिवारी गेले. त्यानंतरही जात राहिले. गावाने आधी त्यांना ‘शनवारचा जावई’ म्हटले, मग कंटाळून ते नाव सोडले. दुसरबीडला हायस्कूल निघेल तेव्हा तिकडे नोकरी मागायची असा त्यांचा बेत होता. तशी खटपट त्यांनी केली असे जनकाबाई म्हणतात, पण एकही अर्ज मला मिळालेला नाही. मंजुळाबाई थकत गेल्या आणि त्यांना चिखली सोडवेना, तेव्हा तो बेत आपोआप मागे पडला. कौशल्याबाई सणाला चिखलीस येत, दोन दिवस राहत आणि लेकरांसाठी परत जात. संसार असा आठवड्याच्या टोकाला बांधलेला राहिला.

कौशल्याबाईंना आपल्या निर्णयाचा कधी पश्चात्ताप झाला काय, हे कागदांतून कळणे शक्य नव्हते. म्हणून मी जनकाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, हेच एकदा आपणही कौशल्याबाईंना विचारले होते, सतरंज्या झाडताना.

“काय म्हणाल्या?”

“म्हने, सोमवारी सकायी त्याहीले गाडीत बसवून देतो त वाटते, आपनही चढाव. लेकरं आली का वाटते, बरं केलं, नाई गेली. मंगळवारी मंग पुन्हा वाटते.”